शेगडीमागची भिंत

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाच्या भाषणाचा विषय 'शेगडीमागची भिंत' असा फळ्यावर लिहिलेला पाहून काहीजणींना हसू आले असेल. पण गेल्या काही वर्षांत आपल्या आसपासच्या किती घरांत स्वयंपाकघरे नवी झाली ते आठवून पाहा. जुने ओटे फुटले, नवे बसले. भिंतींवर रंगीत काचा आल्या, संगमरवरासारख्या दिसणाऱ्या पातळ पाट्या आल्या, चिकटवायचे चंदेरी कागद आले. आणि नव्याची नवलाई ओसरण्याच्या आत कुठे टाइलला तडा गेला, कुठे पाटी फुगली, कुठे पांढऱ्याचे पिवळे झाले. चिटणीसबाईंचे म्हणणे असे पडले की यावर कुणीतरी नीट बोलावे, म्हणून मी उभी राहिले आहे.

ती भिंत कशाची करायची हे ठरते तेव्हा समोर नमुन्यांचे पुस्तक असते, कंत्राटदार असतो, घरातली पुरुषमंडळी असतात. रंग कोणता एवढेच आपल्याला विचारतात. दिवाळीत चकल्या तळायला मात्र त्या भिंतीसमोर दोन-दोन तास आपणच उभ्या असतो! तेव्हा रंगाखेरीज आणखी काय विचारावे, हे आपल्याला ठाऊक असलेले बरे.

आपल्या आजी-पणजीच्या घरात हा प्रश्न फारसा नव्हता. चूल मातीची, भिंत मातीची, आणि चुलीच्या मागे भानवस. नव्या मुलींना हा शब्द ठाऊक नसेल. चुलीला लागून मागच्या बाजूने घातलेला तो मातीचा उंचवटा. त्यावर भांडी टेकवायची, शिजलेले उतरवून ठेवायचे. पण त्याचे दुसरे काम असे की जाळ आणि भिंत यांच्यामध्ये तो उभा असे. तडा गेला की शेणमातीचा हात फिरवायचा आणि सारवायचे. पुढे कोळशाची शेगडी आली. ती उचलून गॅलरीत नेता येई. प्रायमसचा स्टोव्ह स्वीडनमध्ये १८९२ साली निघाला आणि पुढे आपल्या घरोघर आला, तोही सुटाच असे. जमिनीवर मधोमध मांडायचा. विस्तव भिंतीला जाऊन टेकला तो ओट्यामुळे. उभ्याने स्वयंपाक सुरू झाला, पाठीची आणि गुडघ्यांची सोय झाली, ते फार चांगले झाले. पण स्वयंपाकघरे लहान, ओटा अरुंद, आणि 'जागा मोकळी दिसावी' म्हणून शेगडी मागे सरकवत सरकवत आपण भिंतीशी नेऊन ठेवली.

आता उष्णता भिंतीपर्यंत कशी जाते ते पाहा, कारण तेवढे कळले की बाकीचे आपोआप उलगडते. ज्योत पातेल्याच्या बुडाला टेकते, बुडाखालून कडेकडे पसरते आणि कडेवरून वर उसळते. म्हणजे बूड जितके रुंद तितकी ती तापलेली हवा भिंतीच्या जवळ जाते. छोट्या पातेल्याने भिंत जेमतेम कोमट होते. तीच पुरणाची मोठी कढई ठेवा, तिची कड भिंतीपासून दोन बोटांवर येते, आणि मग त्या चिंचोळ्या फटीतून सगळा झोत वर जातो. बाजूची गार हवा त्यात मिसळायला वावच राहत नाही. तीन बर्नरच्या शेगडीत मधला बर्नर बहुधा मागे असतो, चारांच्या शेगडीत दोन मागे असतात. आणि गंमत अशी की मोठे पातेले पुढच्याला अडचण नको म्हणून आपण नेमके त्या मागच्या बर्नरवर ठेवतो.

यावरचा पहिला उपाय बिनपैशाचा आहे. घरातली सगळ्यांत मोठी कढई शेगडीवर ठेवा, गॅस न पेटवता, आणि तिची कड भिंतीपासून किती लांब आहे ते मोजा. निदान चार बोटे तरी अंतर हवे. वीतभर मिळाले तर उत्तम. आपले ओटे साधारण २४ इंच रुंद असतात. दोन बर्नरची शेगडी १५ इंचांची धरली तर ९ इंच उरतात. त्यातले सहा मागे ठेवा आणि तीन पुढे. पुढे तीन इंच तरी राहिलेच पाहिजेत, नाहीतर घरातल्या लहान मुलाचा हात शेगडीला पोचतो. शेगडी पुढे ओढली की नळी बघायला विसरू नका. ती ताणली जाऊ नये, बर्नरखालून किंवा शेगडीच्या तापलेल्या पाठीला चिकटून जाऊ नये. ती नारिंगी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते; तिच्यावर तारीख असते, एकदा वाकून वाचा. भिंत काळी पडली तर रंग देता येतो. मागून तापणारी नळी मात्र डोळ्याआड असते.

ज्यांच्याकडे ओट्यात कापून बसवायची शेगडी येणार आहे त्यांना हे विशेष सांगते. सुटी शेगडी चुकीच्या जागी असली तर उचलून सरकवता येते. ग्रॅनाइट एकदा कापला की कापला. शेगडीबरोबरच्या पत्रकात मागच्या भिंतीपासून किती अंतर सोडायचे ते छापलेले असते. ते पत्रक कारागिराच्या हातात द्या, आणि कापण्याआधी आपली मोठी कढई त्या जागी ठेवून पाहा. कारागीर कंटाळेल, कंटाळू दे.

आता भिंतीवर काय लावावे याकडे वळू. भाजलेल्या मातीची टाइल ही माझ्या मते अजूनही सगळ्यांत भरवशाची. ती भट्टीत हजार अंशांच्या वर भाजून निघालेली असते. आपल्या फोडणीने तिचे काय होणार? मग तडे का जातात? दोष बहुधा टाइलमागे असतो. घाईत असलेला गवंडी टाइलच्या चार कोपऱ्यांना आणि मध्ये असे पाच गोळे माल लावतो आणि ती भिंतीवर दाबतो. मध्ये पोकळी राहते. भरीव भागातली उष्णता भिंतीत जाते, पोकळ भागातली तिथेच कोंडते, आणि एकच टाइल कुठे जास्त तर कुठे कमी फुगू पाहते. त्यातच सांधे न सोडता टाइलला टाइल भिडवलेली असली तर फुगायला जागाच नाही. म्हणून मागे माल पूर्ण भरलेला हवा आणि दोन टाइलमध्ये दोन-तीन मिलिमीटरचा सांधा हवा. अजिबात सांधा दिसत नाही ही कारागिराची फुशारकी शेगडीमागे तरी चालू देऊ नका. साधी भिंतीची टाइल पाणी पिते, ती भिजवून सिमेंटने बसवता येते. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ पीतच नाही, तिला सिमेंट नीट धरत नाही. तिच्यासाठी वेगळा चिकटवायचा मसाला मिळतो, तोच वापरायला सांगा. आणि काम झाल्यावर आठवडाभर तरी तिथे मोठा जाळ करू नका. पाहुणे येणार असले तरी.

सांधे भरायला हल्ली इपॉक्सी सुचवतात. तेलाचे, हळदीचे डाग त्यात मुरत नाहीत हे खरे, ओट्याला ते छान. पण ती शेवटी राळ आहे. मागच्या बर्नरच्या नेमक्या वरच्या पट्ट्यात ती पिवळी पडू शकते. तेवढ्या दोन-तीन हातांत सिमेंटचाच सांधा ठेवावा.

काच दिसायला सुंदर, पुसायला सोपी. पण एक प्रश्न विचारल्याशिवाय ती घेऊ नका: टफन केलेली आहे का? साध्या काचेचा एक भाग दुसऱ्यापेक्षा चाळीसेक अंशांनी जास्त तापला तरी ती तडकू शकते. टफन केलेली काच त्याच्या कितीतरी पट फरक सोसते. मात्र ती एकदा तशी केली की नंतर कापता येत नाही आणि भोकही पाडता येत नाही. तेव्हा विजेच्या बटणांसाठी खाच पाहिजे असेल तर ती आधीच. एखादा कारागीर तुमच्या डोळ्यांदेखत काच कापून बसवू लागला, तर ती साधी काच आहे हे न विचारताही कळले.

आणि आता ज्यांच्याबद्दल मला थोडे कडक बोलायचे आहे त्या पाट्या आणि कागद. पीव्हीसीची पाटी साधारण ८० अंशांपासून मऊ होऊ लागते, ॲक्रिलिक शंभराच्या आसपास. आपले चकलीचे तेल असते १७० ते १८० अंशांवर, आणि ज्योत त्याहून कितीतरी तापट. बाजूच्या भिंतीला, बेसिनच्या मागे या पाट्या खुशाल लावा. शेगडीमागे नको. चंदेरी चिकट कागदाचेही तसेच. वरचा ॲल्युमिनिअमचा पापुद्रा जळत नाही, म्हणून विकणारा तो आगीला भीत नाही असे सांगतो. पण त्याच्या पाठीचा डिंक तापून सुटतो आणि कागद सुटून पडतो तो नेमका पेटत्या बर्नरवर. एका भगिनीकडे असेच झाले. त्या वेळी त्या समोर होत्या म्हणून निभावले. प्लायवुडवर सनमायका हाही शेगडीमागे असाच परका. आतला गोंद सुटतो, कडा उलतात, आणि उललेल्या कडेत तेल मुरते.

जिप्सम किंवा प्लास्टर ऑफ पॅरिसची भिंत असेल तर आणखी सावध. जिप्समच्या पोटात पाणी बांधलेले असते. आग लागली तर तेच पाणी वाफ होऊन आगीला थोपवते, म्हणून ही पाटी आगीच्या कामी चांगली. पण रोज थोडी थोडी उष्णता लागली तर ते पाणी हळूहळू जाते आणि पाटी भुसभुशीत होते. सतत ५२ अंशांच्या वर तिला तापवू नये असे सांगतात. अमेरिकेत असलेल्या आपल्या लेकी-सुनांच्या घरी बहुतेक भिंती अशाच, लाकडी चौकटीवर ठोकलेल्या जिप्समच्या. त्यांना फोनवर हे सांगायला हरकत नाही. तळणीचे मोठे घाणे मागच्या बर्नरवर तिथे नकोतच. आपल्याकडेही स्वयंपाकघर मोठे करताना मध्ये अशी पातळ भिंत घालतात. तिच्यावर टाइल असली तरी आत काय आहे ते विसरू नये.

अशी भिंत असेल किंवा मागे लाकूड असेल, तर आडोसा हवा. स्टीलचा पत्रा त्याला उत्तम. पण तो भिंतीला चिकटवला तर त्याचा निम्माही उपयोग नाही. पत्रा तापतो आणि मागच्या भिंतीला तापवतो. तोच पत्रा भिंतीपासून एक इंच पुढे ठेवा, खालून आणि वरून मोकळा. मग मधली हवा तापून वरून निघून जाते, खालून गार हवा येते, आणि भिंत जवळजवळ तशीच राहते. अमेरिकेत लाकूड जाळण्याच्या शेगड्यांसाठी अग्निसुरक्षेचे जे नियम आहेत त्यांत जळाऊ भिंतीपासून ३६ इंच अंतर सांगितले आहे. मध्ये २४ गेजचा पत्रा असा एक इंच मोकळी हवा ठेवून उभा केला तर तेच अंतर १२ इंचांवर येते. आपल्या गॅसला ते आकडे लावायचे नाहीत, पण एक इंच हवेची किंमत त्यावरून कळेल. पत्रा भिंतीपासून दूर ठेवायला स्टीलच्या नळीचे छोटे तुकडे घालावेत. लाकडाची गुट्टी नको. आणि वरची फट धूळ जाते म्हणून कुणी पट्टी लावून बंद करू नये. ती बंद केली की सगळे मुसळ केरात.

पत्रा ३०४ क्रमांकाचा मागा. बाजारात २०२चाही असतो, स्वस्त असतो आणि मिठाच्या शिंतोड्यांनी लवकर गंजतो. लोहचुंबक लावून पाहायची युक्ती इथे चालत नाही, कारण दोन्हींना चुंबक धरत नाही. पावतीवर क्रमांक लिहून घ्यावा.

ज्यांची भिंत विटांची किंवा काँक्रीटची आणि वर टाइल, त्यांना यातले काहीच लागणार नाही. शेगडी पुढे घ्या आणि पैसे शिल्लक टाका.

जुन्या घरांत आणखी एक वस्तू शेगडीमागे सापडते: ॲस्बेस्टॉसचा करडा पत्रा. जळत नाही म्हणून तो तिथे ठोकत असत. आता माहीत झाले आहे की त्याचे तंतू श्वासातून छातीत गेले की वर्षानुवर्षे राहतात, आणि त्यांपासून कर्करोग होतो. पत्रा धड असेल आणि हलवला नाही तर लगेच घाबरायचे कारण नाही. पण त्याला भोक पाडू नका, घासू नका, करवत लावू नका. काढायचाच असेल तर ओला करून, अखंड, आणि असे काम जाणणाऱ्याकडून. घराचे काम चालू असताना मजूर तो हातोड्याने फोडतात आणि त्याच खोलीत नातवंडे खेळत असतात, हे मी पाहिले आहे.

टाइलला तडा गेलाच असेल तर आधी तो उष्णतेचा की ओलीचा ते ओळखा. उष्णतेचा दोष बर्नरच्या नेमका वर, कमानीसारखा दिसतो. ओल नळाच्या बाजूने किंवा खालून चढते, आणि सांध्यांतून पांढरा लोणा फुटतो. ओल असेल तर नळ दुरुस्त होईपर्यंत टाइल बदलण्यात अर्थ नाही. मग बोटाच्या पेराने किंवा नाण्याने प्रत्येक टाइल हलकेच ठोकून पाहा. भरीव टाइल घट्ट आवाज देते, पोकळ टाइल डब्यासारखी वाजते. पोकळ तेवढ्याच काढून पुन्हा बसवता येतात; सगळी भिंत फोडायला सांगणाऱ्याचे लगेच ऐकू नका. भिंत किती तापते ते पाहायला करोनाच्या साथीत, २०२० साली, घेतलेला कपाळाचा तापमापक काढाल, पण त्यातल्या बहुतेकांची धाव ४२-४३ अंशांपर्यंतच. अर्ध्या तासाच्या स्वयंपाकानंतर, गॅस बंद करून, तळहाताची पाठ भिंतीच्या जवळ नेऊन मग अलगद टेकवा. ती तिथे टिकत नसेल तर भिंत जास्त तापते आहे.

आता भिंतीवर काय टांगायचे. यावर मात्र मी कुणाचीही भीड ठेवणार नाही. शेगडीमागच्या भिंतीवर काहीही नको. फळी नको, मसाल्याची मांडणी नको, उलथण्या-झाऱ्यांचे आकडे नकोत, पंचा नको, दिनदर्शिका नको. मसाल्याचा वास उडतो आणि प्लॅस्टिकच्या बरण्या वाकड्या होतात हे किरकोळ. वस्तू घ्यायला हात पेटत्या ज्योतीवरून न्यावा लागतो, आणि हाताबरोबर पदर जातो, ओढणी जाते, गाउनची सैल बाही जाते. कृत्रिम धाग्याचे कापड वितळून अंगाला चिकटते. स्वयंपाकघरात भाजलेल्या बायकांच्या गोष्टी आपल्यापैकी प्रत्येकीने ऐकलेल्या आहेत, आणि त्या नेहमी घाईच्या वेळच्याच असतात. फळी हातभर बाजूला घेतली तर स्वयंपाक अडत नाही. तिथे खिडकी असेल तर पडदाही नको. आणि वाऱ्याने ज्योत विझली तर सिलिंडरचा गॅस ओट्याखाली साठतो, कारण तो हवेपेक्षा जड आहे, हे ध्यानात ठेवा.

भिंतीवरचा तेलाचा थर हे जळणच आहे. दिवसाआड पुसला तर कोमट पाणी आणि साबण पुरतो. महिनाभर राहिला तर तो वार्निशासारखा होतो, मग गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालावा. संगमरवर किंवा कडप्पा असेल तर लिंबू, चिंच, व्हिनेगर लावू नये. दोन्ही चुन्याच्या जातीचे दगड, आंबटाने खाल्ले जातात. आणि पुसायची घाई नको. तापलेल्या काचेवर, टाइलवर गार ओले फडके फिरवणे म्हणजे आपल्या हाताने तडा घालणे. जेवणे होऊ द्यावीत, मग पुसावे. हळदीचे डाग पांढऱ्या सांध्यात राहिले तर ऊन येत असेल तिथे ते आपोआप फिके पडतात, फार घासू नये. तळणीचे तेल पेटलेच, तर पाणी मुळीच नको. हात पोचत असेल तर गॅस बंद करावा आणि कढईवर बसेल असे झाकण सरकवावे. तळायला बसण्यापूर्वी ते झाकण हाताशी काढून ठेवावे.

भाषणानंतर दोन प्रश्न आले, त्यांची उत्तरे इथेच देते. इंडक्शनच्या शेगडीला हे सगळे लागते का, असे एकीने विचारले. ज्योत नसल्याने भिंतीला झोत लागत नाही, पण वाफ आणि तेलाचे शिंतोडे तसेच. शिवाय तिच्या पंख्याची गरम हवा मागून किंवा खालून निघते, तिला चार बोटे जागा द्यावीच.

दुसरा प्रश्न शेगडीमागे अन्नपूर्णेचे चित्र असलेल्या टाइलचा होता. चित्र टाइलबरोबर भट्टीत भाजलेले असेल तर काही होत नाही. वरून चिकटवलेले असेल तर ते वर्षा-दोन वर्षांत करपेल. टाइलच्या कडेला नखाने खरवडून पाहावे. पापुद्रा उचलला गेला तर ते चित्र देवघराच्या बाजूच्या भिंतीवर लावावे.